अलार्म + रिमोट स्टार्ट स्वतः बसवायचाय, गाडी मॅन्युअल गिअरची आहे. वायरिंग, सेटिंग, वापर सगळंच विचारायचंय

पहाटगाडी
नमस्कार मंडळी. टू-वे रिमोटवाला (गाडीकडून रिमोटवर उलट निरोपही येतो असा) कार अलार्म घेतलाय, त्यातच रिमोट स्टार्ट पण आहे. बॉक्समधे मेन युनिट, अँटेना, सायरन, शॉक सेन्सर, बॉनेटची पिन, एलईडी, एक छोटं व्हॅले बटण (गाडी दुसऱ्याच्या हाती देताना अलार्म बंद ठेवायचं) आणि वायरींचा हा एवढा मोठा गुंता. गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअर, चावी फिरवून चालू होणारी, चावीत चिप आहे, सेंट्रल लॉकिंग कंपनीचंच. सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर वापरता येतो, म्युझिक सिस्टिम आणि फॉगलॅम्प स्वतः बसवलेत. पण इग्निशनच्या वायरींना आजवर हात लावलेला नाही म्हणून आधी विचारतोय. सुरुवात कुठून करू? चिपचं काय करायचं? आणि मॅन्युअलला रिमोट स्टार्ट बसवूच नये असं बरेच जण म्हणतात ते कितपत खरं?

तारजोड
पहाटगाडी, बसवा, पण एकदम सगळं नको. डबा एक असला तरी कामं दोन आहेत. आधी फक्त अलार्म जोडा, म्हणजे दारं, डिकी, बॉनेट, लॉक-अनलॉक, इंडिकेटर, सायरन, शॉक सेन्सर. तो काही दिवस वापरा, एकही दार न कळता उघडत नाही ना याची खात्री करा आणि मगच इग्निशनच्या जाड वायरींकडे वळा. हे असं का सांगतोय ते पुढे येईलच, मॅन्युअल गाडीत याला फार महत्त्व आहे.

वायर ओळखायची ती रंगावरून नाही, मीटर लावूनच. नेटवर मिळणारे रंगांचे तक्ते अंदाजाला ठीक आहेत पण एकाच मॉडेलमधे वर्षागणिक रंग बदलतात. इग्निशन स्विचच्या मागे चार प्रकार सापडतील. चावी काढली तरी १२ व्होल्ट दाखवते ती कायमची लाइन. चावी ऑन केल्यावर १२ येतात आणि स्टार्टर फिरत असतानाही टिकून राहतात ती इग्निशन. ऑनला येतात पण स्टार्टर फिरताना शून्य होतात ती अ‍ॅक्सेसरी, ब्लोअर आणि एसी त्यावर असतात. आणि फक्त स्टार्टर फिरतानाच येतात ती स्टार्टरची. काही गाड्यांत इग्निशन दोन असतात किंवा अ‍ॅक्सेसरी दोन असतात, एखादी सुटली तर इंजिन चालू होतं पण ब्लोअर फिरत नाही किंवा मीटरवर वॉर्निंग लाइट पेटून राहतो, मग माणूस उगाच युनिटला दोष देत बसतो.

अजून एक, पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हातच लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या. आणि बल्बवाला टेस्ट लॅम्प घरी ठेवा. तो स्वतः करंट ओढतो आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) किंवा एअरबॅगच्या लाइनीवर चुकून टेकला तर नुकसान होऊ शकतं. डिजिटल मीटरच घ्या.

मल्टीमीटर
+१ वरच्या सगळ्याला. जोडांबद्दल थोडं लिहितो कारण पुढचा सगळा त्रास जोडांतूनच येतो. ते दाबून बसवायचे रंगीत क्लिप मिळतात ना, वायरला चावा घेऊन बसणारे, ते इंडिकेटरच्या लाइनीला एकवेळ चालतील पण स्टार्टर आणि इग्निशनला अजिबात नको. तिथून बराच करंट जातो, गाडीच्या थरथरीने क्लिप सैल होते, सैल जोड तापतो, आणि हे सगळं डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिकच्या मधोमध. मूळ वायरचं वेष्टन थोडंसं सोलून नवी वायर तिच्यातून ओवून गुंडाळा, सोल्डर करा, वर कापडी टेप. दोन वायरी थेट तोंडाला तोंड जोडायच्या असतील तर आधी श्रिंक ट्यूब सरकवून घ्या. आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे वायर बांधून टाका म्हणजे ताण जोडावर येत नाही.

अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, रिंग टर्मिनल आणि बोल्ट लावून. रेडिओच्या अर्थला नको. फ्यूज युनिटजवळ न ठेवता बॅटरीच्या किंवा जिथून सप्लाय घेताय त्याच्या जवळ ठेवा, वायर मधेच कुठे घासून पत्र्याला टेकली तर फ्यूजने आधी जायला हवं. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, पण त्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते पाहून ठेवा.

सायरनचं तोंड खाली करून लावा, नाहीतर पाणी साठतं आणि आवाज बसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब.

लुकलुक
माझाही प्रश्न यातच विचारते, चावीत चिप असेल तर रिमोटने इंजिन चालू कसं काय होणार? चावी तर आपल्याकडे खिशात असते.

तारजोड
लुकलुक ताई, बरोबर मुद्दा. चावी घातल्यावर इग्निशनच्या भोकाभोवती एक कॉइल असते, ती चिपला वीज देते आणि तिच्याकडून कोड वाचते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपास. कोड जुळला तरच ईसीयू इंजिन चालू राहू देतो. रिमोट स्टार्टला हा कोड कुठूनतरी द्यावा लागतो, त्यासाठी बायपास मॉड्यूल लागतं. दोन प्रकार आहेत. जुना प्रकार म्हणजे एका डबीत जादा चावी ठेवायची, डबीभोवती कॉइल, तिचं दुसरं टोक गाडीच्या कॉइलभोवती, आणि मधे एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, जो फक्त रिमोट स्टार्टच्या वेळीच सर्किट जोडतो. दुसरा प्रकार डेटा मॉड्यूल, ते गाडीच्या कॅन बसवर (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती लाइन) किंवा इमोबिलायझरच्या, म्हणजे चावीची चिप तपासणाऱ्या यंत्रणेच्या, लाइनीवर थेट बोलतं, चावी ठेवावीच लागत नाही, पण आपल्या मॉडेलचा सपोर्ट असायला हवा.

माझं मत विचाराल तर मॉड्यूल मिळत असेल तर चावीवाल्या डबीच्या वाटेला जाऊ नका. चालू चावी गाडीतच ठेवली म्हणजे ज्याला डबी सापडली त्याला गाडी सापडली, आणि चोरी झाली तर विम्यावाला यावर बोट ठेवू शकतो, पॉलिसीतली अट आधी वाचून घ्या. पर्याय नसेलच तर चावीचं पातं काढून टाका, फक्त चिप ठेवा आणि डबी डॅशबोर्ड उघडल्याशिवाय हाती लागणार नाही अशी खोल बांधा.

शांत_सायरन
मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्ट हा प्रकार मला मान्यच नाही. आमच्या ओळखीत एकांच्या गाडीला बसवलेला, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी गाडी गिअरमधे लावली होती, यांनी खिडकीतून बटण दाबलं, गाडी सरळ समोरच्या भिंतीवर. मधे कुणी उभं नव्हतं हे नशीब. स्टार्टर मोटरमधे पहिल्या गिअरला गाडी ढकलायची ताकद असते हो, इंजिन पकडायचीही गरज नाही. ऑटोमॅटिकला निदान पार्क किंवा न्यूट्रलमधे नसेल तर स्टार्टर फिरतच नाही. मॅन्युअलला तुमच्या लक्षात राहण्यावर सगळं अवलंबून, आणि माणूस विसरतोच.

तारजोड
शांत_सायरन, राग कसला, तुमची भीती अगदी खरी आहे आणि म्हणूनच चांगल्या युनिटमधे हे माणसाच्या आठवणीवर सोडलेलं नसतं. मॅन्युअल मोडमधे रिमोट स्टार्ट आपोआप तयार नसतो, दर वेळी गाडी लावताना तयार करावा लागतो. पद्धत साधारण अशी. इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करायचं, पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढायचा, पायाचा ब्रेक सोडायचा, युनिटच्या पुस्तकात जसं सांगितलंय तसं बटण दाबायचं, चावी काढायची. चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. मग उतरायचं, सगळी दारं बंद करायची, लॉक करायचं. लॉक झाल्यावर युनिट स्वतः इंजिन बंद करतं. म्हणजे क्लचवर कुणाचा पाय नसताना, आत कुणी नसताना इंजिन चालू होतं, याचा अर्थ गिअर नक्की न्यूट्रलमधे आहे. इतकं झालं तरच पुढच्या वेळी रिमोटने स्टार्ट होईल. मधे एक दार जरी उघडलं, हँडब्रेक जरी सैल झाला, तरी ती तयारी रद्द.

आता बघा यातली मेख. हे सगळं दारांच्या वायरींवर उभं आहे. मागचं डावं दार युनिटला दिसतच नसेल, तर कुणीतरी ते उघडून आत हात घालून गिअर टाकू शकतं, मूल सीटवरून पुढे येऊन दांडा हलवू शकतं, आणि युनिट समजतं गाडी न्यूट्रलमधेच आहे. मी सुरुवातीला आधी अलार्म जोडा म्हटलं ते यासाठी. अलार्मची दारांची वायर चोरासाठी वाटते, पण मॅन्युअल गाडीत तीच वायर माणसाचे पाय वाचवते. चारही दारं, डिकी, बॉनेट, सगळं वेगवेगळं तपासा. काच उघडी ठेवून गेलात तरी तोच धोका, खिडकीतून हात आत जातो. काचा बंद नसतील तर तयारी करूच नका.

आणि उतारावर गाडी लावली की रिमोट स्टार्टचा विचार सोडायचा. तिथे गाडी गिअरमधे टाकूनच लावायची, नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर सोडायची नाही.

मल्टीमीटर
यात एक भर. ज्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत त्यांत क्लचचा स्विच युनिटकडून बायपास करावा लागतो. तो बायपास फक्त रिमोट स्टार्टच्या वेळेपुरता, रिलेने करा. काही जण दोन वायरी कायमच्या जोडून मोकळे होतात, मग चावीने स्टार्ट करतानाही कंपनीने दिलेली सुरक्षा गेली. हे करू नका. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे, नाहीतर रिले सुटताना येणारा झटका युनिटचं आउटपुट उडवतो.

शांत_सायरन
तारजोड, ही पद्धत मला इतकी सविस्तर माहीत नव्हती. त्यांच्या गाडीत नुसती स्टार्टरला वायर दिलेली असणार, दारांशी काही संबंध नसलेली. तरीही माझं म्हणणं इतकंच की बसवणाऱ्याने तपासणी कशी करायची तेही इथे लिहून ठेवा, वाचणारे पुढे बरेच येतील.

तारजोड
नक्की. सपाट जागा, समोर-मागे मोकळं, आणि पहिल्यांदा स्वतः ड्रायव्हर सीटवर बसून, पाय क्लचजवळ ठेवून.
बॉनेट उघडं ठेवून रिमोट दाबा, स्टार्टर फिरता कामा नये. चालू असताना बॉनेट उघडलं की इंजिन लगेच बंद पडायला हवं, कारण मेकॅनिकचा हात आत असताना पट्टा फिरायला लागला तर बोटं जातात. रिमोटने चालू असताना ब्रेक दाबा, बंद. हँडब्रेक सोडा, बंद. मग तयारी करून लॉक करा आणि एकेक दार उघडून-लावून दर वेळी रिमोट दाबा, एकदाही स्टार्ट होता कामा नये. डिकीसुद्धा. ऑटोमॅटिकवाल्यांनी ब्रेक गच्च दाबण्याऐवजी हँडब्रेक ओढून, गिअर ड्राइव्हला टाकून रिमोट दाबायचा, पाय ब्रेकच्या वर तयार. स्टार्टर फिरला तर युनिट वापरू नका.
यातली एक जरी गोष्ट चुकली तरी रिमोट स्टार्ट बंद ठेवा, नुसता अलार्म वापरा.

पहाटगाडी
वा, हेच हवं होतं. अलार्मचा भाग बसवला. आता दोन कटकटी. एक, लॉक केल्यावर रिमोटवर दार उघडं असल्याचं चित्र येतं, थोड्या वेळाने जातं. दोन, रात्री जवळून मोठी गाडी गेली की सायरन. शेजारी अजून काही बोललेले नाहीत पण बोलायच्या आधी बंद व्हायला हवं.

मल्टीमीटर
पहिली कटकट आतल्या दिव्याची. हल्लीच्या गाड्यांत दार लावलं तरी दिवा हळूहळू विझतो, आणि तुम्ही वायर दिव्याच्या लाइनीवरून घेतलीय. दिवा पूर्ण विझेपर्यंत युनिटला दार उघडंच वाटतं. दाराच्या पिनकडून किंवा बॉडी कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या वायरवरून सिग्नल घ्या. प्रत्येक दाराची वायर वेगळी असेल तर प्रत्येकीला स्वतंत्र डायोड लावून मग एकत्र करा, नाहीतर एक दार उघडलं की गाडीला सगळीच उघडी वाटतील. मेनूमधे दाराचा डिले वाढवायचा पर्याय असतो, तो अलार्मपुरता ठीक, पण तुम्हाला पुढे रिमोट स्टार्ट जोडायचाय त्यामुळे दार तत्काळ कळायला हवं. वायरच बदला.

लुकलुक
सायरनचं मी सांगते, हा त्रास भरपूर काढलाय. शॉक सेन्सर डबल टेपने प्लास्टिकवर चिकटवलाय का? प्लास्टिक स्वतःच थरथरतं. स्टिअरिंगखालच्या लोखंडी ब्रॅकेटला घट्ट बांधा. सेन्सरला दोन पातळ्या असतात, हलका धक्का लागला तर नुसती चिरचिर, जोराचा लागला तर पूर्ण सायरन. दोन्ही वेगळ्या सेट होतात. आधी अगदी कमीवर न्या, मग खांबावर, म्हणजे दोन दारांच्या मधल्या पट्टीवर, मुठीने ठोका देऊन थोडं थोडं वाढवा. काचेवर ठोकू नका. आणि अनलॉक केल्यावर एलईडी किती वेळा लुकलुकतो ते बघा, पुस्तकात दिलेलं असतं कोणत्या आकड्याचा अर्थ शॉक, कोणत्याचा दार, कोणत्याचा बॉनेट. त्यावरून कळतं खरा गुन्हेगार कोण. माझ्याकडे शॉक सेन्सर समजत होते ती बॉनेटची गंजलेली पिन निघाली.

निशाचर
सुरक्षेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. अलार्म घेताना रिमोटचा कोड कसला आहे ते बघा. साधा रोलिंग कोड म्हणजे दर वेळी बदलणारा, पण तेवढ्याने भागत नाही. २००८ मधे जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या संशोधकांनी कीलॉक नावाची, खूप रिमोटांत वापरलेली पद्धत चिप किती वीज घेते ते मोजून फोडून दाखवली होती. २०१५ मधे सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने डेफ कॉन या हॅकर परिषदेत रोलजॅम नावाचं यंत्र दाखवलं. तुम्ही बटण दाबता, ते यंत्र सिग्नल जॅम करतं आणि कोड साठवतं, तुम्ही परत दाबता, ते पहिला कोड गाडीला देतं आणि दुसरा, अजून न वापरलेला, स्वतःकडे ठेवतं. याला उत्तर म्हणजे डायलॉग कोड. गाडी दर वेळी एक नवा आकडा पाठवते, रिमोट त्याचं एईएस १२८ या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीने उत्तर देतो, त्यामुळे साठवलेलं उत्तर पुढच्या वेळी कामाचं नाही. टू-वे रिमोट आहे म्हणजे डायलॉग कोड असेलच असं नाही, पुस्तकात शोधा.

मोबाइल अ‍ॅपवाले अलार्म घेणाऱ्यांनी हेही वाचून ठेवावं. मार्च २०१९ मधे पेन टेस्ट पार्टनर्स या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने दोन मोठ्या अलार्म कंपन्यांच्या अ‍ॅपमधली चूक उघड केली. दुसऱ्याच्या खात्याचा ईमेल किंवा पासवर्ड बदलून त्याची गाडी कुठे आहे ते बघता येत होतं, दार उघडता येत होतं. कंपन्यांनी ते लगेच दुरुस्त केलं, पण गाडीचं दार आणि स्टार्टर इंटरनेटला जोडायचा तर इतपत विचार करावाच.

पहाटगाडी
माझ्यात अ‍ॅप नाही आणि पुस्तकात डायलॉग लिहिलंय, बरं वाटलं. दारांच्या वायरी बदलल्या, सेन्सर ब्रॅकेटला बांधला, सायरन आता गप्प आहे. रिमोट स्टार्ट पण जोडला, डेटा मॉड्यूल मिळालं. पण इंजिन पकडतं आणि स्टार्टर क्षणभर तरी फिरतच राहतो, घर्रर्र आवाज येतो. थंड इंजिनला कधी उलट, पकडायच्या आतच सोडतो.

तारजोड
युनिट व्होल्टेजवर ठरवतंय की इंजिन चालू झालं. अल्टरनेटर चार्ज करायला लागला की व्होल्टेज १२ वरून १४ च्या आसपास जातं, त्यावरून ते अंदाज बांधतं, आणि काही गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम उशिरा चार्ज करतो, मग अंदाज चुकतो. टॅको मोडवर न्या, म्हणजे युनिट इंजिनचे फेरे (आरपीएम) मोजून ठरवेल. मॉड्यूलकडून कॅनवर आरपीएम मिळत असेल तर उत्तम, नाहीतर एका इंजेक्टरच्या सिग्नल वायरवरून घ्या. मग इंजिन गरम करून आयडलवर स्थिर झालं की टॅको शिकवा. थंड असताना शिकवू नका, आयडल चढलेला असतो आणि युनिट तोच खरा धरून चालतं. हे जमलं की घर्रर्र जाईल. डिझेलवाल्यांनी ग्लो प्लगची (स्टार्टआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगची) वायर पण द्यायची, किंवा निदान वेळेचा डिले ठेवायचा, नाहीतर थंडीत नुसता स्टार्टर फिरत बसतो.

अनवाणी
बंद गॅरेजमधे गाडी असेल तर? आमच्याकडे गॅरेजला आतून घरात दार आहे. बाकी सगळं वाचून मला हीच काळजी.

तारजोड
अनवाणी, तर रिमोट स्टार्ट वापरायचाच नाही, शटर अर्धं वर करूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि थंड इंजिन सुरुवातीला तो जास्त सोडतं. खिशात बटण दाबलं जाऊन गाडी आपोआप चालू होऊ शकते, आणि त्या वेळी तुम्ही आत झोपलेले असाल. बंद गॅरेजमधे लावताना तयारी करायचीच नाही, म्हणजे बटण दाबलं गेलं तरी काही होणार नाही. ऑटोमॅटिकवाल्यांना तर ही सोय नाही, त्यांनी रिमोट स्टार्ट बंद करायचा स्विच डॅशखाली लावून रोज वापरायला हवा. शिवाय घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, गाडीला रिमोट असो नसो.

लुकलुक
रिमोट स्टार्टला दोनदा दाबायचं सेटिंग असतं ते पण करून ठेवा. आणि रन टाइम कमीत कमी, १० मिनिटं भरपूर. बऱ्याच ठिकाणी रिकामी गाडी चालू सोडणं हा नियमभंग आहे, आपल्याकडचा नियम बघून घ्या.

पहाटगाडी
टॅको शिकवला, घर्रर्र बंद. तारजोडनी लिहिलेल्या सगळ्या तपासण्या क्रमाने केल्या, डिकी सोडून सगळं बरोबर, डिकी उघडली तरी तयारी रद्द होत नव्हती. तिची वायर वेगळ्या इनपुटला जायला हवी होती, ती बदलल्यावर ते पण झालं. आता शेवटचे दोन प्रश्न, बॅटरी आणि सर्व्हिसिंग.

मल्टीमीटर
बॅटरीच्या निगेटिव्हमधे मीटर सिरीजला लावा, सगळी दारं बंद, लॉक, आणि गाडी पूर्ण झोपेपर्यंत थांबा, काही गाड्यांना अर्धा तास लागतो. मधे स्टार्ट करू नका, मीटरचा फ्यूज जाईल. एकूण ५० मिलिअँपच्या आत असावं. ५० धरलं तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६० ची बॅटरी २५ दिवसांत अर्ध्यावर. रोज चालणाऱ्या गाडीला काही नाही, पण महिनाभर उभी राहणार असेल तर चार्जर लावा किंवा निगेटिव्ह काढा. मात्र सायरनला स्वतःची बॅटरी असेल तर निगेटिव्ह काढताच तो ओरडेल, त्याची किल्ली आधी फिरवा. रिमोटने १० मिनिटं आयडल करून बॅटरी भरते या समजात राहू नका, एसी-दिवे चालू असतील तर आयडलला फार काही परत जात नाही.

तारजोड
सर्व्हिसिंगला देताना व्हॅले मोड. पुस्तकातल्या पद्धतीने बटण दाबलं की एलईडी न लुकलुकता सलग पेटतो, त्यात अलार्म आणि रिमोट स्टार्ट दोन्ही बंद, लॉक-अनलॉक चालू. रिमोट तरी घरीच ठेवा, नुसती चावी द्या. आणि वर्कशॉपमधे तोंडी सांगा की गाडीला रिमोट स्टार्ट आहे, बॉनेटखाली तसं लिहिलेलं स्टिकर बॉक्समधे येतं ते लॅचजवळ चिकटवा, ते बहुतेक जण फेकून देतात. गाडी परत आली की व्हॅले काढायच्या आधी बॉनेटची आणि मागच्या दारांची तपासणी पुन्हा एकदा, कारण पॅनल उघडताना वायर ओढली गेलेली असू शकते.

पहाटगाडी
स्टिकर बॉक्समधेच पडलं होतं, आत्ता लावून आलो. वायरींचे रंग आणि कुठे काय जोडलं ते कागदावर काढतोय, फोटो पण आहेत, उद्या इथेच टाकतो.